मागे उभा असलेला शिपाई

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत एका जुन्या कॉलेजच्या वर्धापनदिनाची बातमी होती आणि त्यासोबत एक छान जुना ग्रुप फोटो छापला होता, आमच्याकडे तो पेपर अजून टीपॉयवर आहे कारण मी रद्दीत टाकू दिला नाही. फोटोखाली ओळ अशी होती की मध्यभागी खुर्चीवर बसलेले प्राचार्य, मग त्यांच्या डाव्या-उजव्या बाजूचे सगळे प्राध्यापक नावानिशी, डिग्र्यांसकट, आणि शेवटी 'मागे उभा असलेला शिपाई'. आता बघा, प्राचार्य 'बसलेले' आणि शिपाई 'उभा असलेला'. त्या माणसाच्या मिशा प्राचार्यांपेक्षा पांढऱ्या आहेत हो. वयाने तो तिथला सगळ्यात मोठा असणार. म्हणजे ते असणार. हे बघा, माझ्याच हातून 'तो' गेलं, खोडत नाही, राहू दे तसंच.

तक्रार करायला लिहीत नाहीये, तुमच्या ऑफिसात ज्याने ती ओळ टाईप केली त्याला कॉलेजवाल्यांनी जेवढं दिलं तेवढंच त्याने छापलं हे मला कळतं, मी स्वतः ३४ वर्षं कॉलेजच्या ऑफिसात घालवलीत, ज्युनिअर क्लार्क म्हणून लागलो आणि हेडक्लार्क म्हणून बाहेर पडलो, त्यामुळे अशा याद्या कशा बनतात ते चांगलं माहितीये. मीच बनवल्यात. गॅदरिंगच्या फोटोच्या यादीत शेवटची ओळ 'व शिक्षकेतर कर्मचारी' अशी टाकून मी किती वेळा सुटलोय. तर ते पाप फेडायला हे पत्र आहे असं समजा, थोडं लांबेल, काटछाट तुमच्या हातात.

आमच्या कॉलेजात (नाव लिहीत नाही, कारण खाली कळेल) एकदा नॅकची (कॉलेजांना दर्जाची ग्रेड देणारी संस्था) कमिटी येणार होती तेव्हा सगळ्या खोल्या साफ करायची मोहीम निघाली. जिन्याखालच्या स्टोअरमध्ये मोडकी बाकं, गंजलेलं सायक्लोस्टाईल मशीन, जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आणि त्या सगळ्याच्या मागे भिंतीला टेकवलेली एक फ्रेम निघाली. काच एका कोपऱ्यात तडकलेली. मला वाटलं कुणी संस्थापक असतील, म्हणून रुमालाने पुसलं तर आत एक शिपाई. एकटा. स्टुडिओत काढलेला पूर्ण उंचीचा फोटो, मागे तो पडदा असतो ना, रंगवलेले खांब आणि कुठेही न जाणारा जिना, शेजारी उंच तिवईवर फुलदाणी, आणि मधे हे गृहस्थ उभे, डोक्याला फेटा, अंगात बंद गळ्याचा कोट, छातीवर तिरपा पट्टा आणि त्याला पितळी बिल्ला. उजव्या हातात किल्ल्यांचा जुडगा. सगळा फोटो असा लख्ख की बिल्ल्यावरची नक्षी मोजून घ्या, फक्त किल्ल्या पुसट आल्यात. म्हणजे फोटोग्राफरने 'हलू नका' म्हटल्यावर मामा सगळे थांबले पण हात थांबला नाही, किल्ल्या हलत राहिल्या.

आणि पायात बूट. काळे, चकचकीत, नाडीचे, आणि पायाला दोन बोटं तरी मोठे. नाडी एका बाजूची बांधलेली नाही, मोजे नाहीत.

मी 'मामा' म्हटलं कारण आपल्याकडे कॉलेजातल्या प्रत्येक शिपायाला मामाच म्हणतात आणि बाई असली तर मावशी. गोड आहे ते, मी नाही म्हणत नाही, पोरं हक्काने 'मामा एक हजेरीपत्रक द्या ना' म्हणतात आणि मामा देतातही. पण त्या गोडीत नाव कसं विरघळून जातं बघा. आमच्या ऑफिसात तीन मामा होते, त्यांना आम्ही लायब्ररीतले मामा, केमिस्ट्रीचे मामा आणि गेटवरचे मामा म्हणायचो, आणि एकदा केमिस्ट्रीच्या मामांना अॅडमिट केलं तेव्हा दवाखान्यातल्या बाईने पेशंटचं पूर्ण नाव विचारलं तर आम्ही चौघं एकमेकांच्या तोंडाकडे. वीस वर्षं एकत्र डबा खाल्लेला माणूस. शेवटी पगारबिलाची फाईल उघडायला एकाला ऑफिसात पिटाळलं.

असो. तर ती फ्रेम. फ्रेमच्या मागे जाड पुठ्ठा, त्याच्यावर स्टुडिओचा रबरी शिक्का इतका फुटलेला की गावाचं नावसुद्धा लागत नाही, आणि पेन्सिलीने फक्त '३८' असा आकडा. नाव नाही. कमिटी येऊन गेली, ग्रेड मिळाली, पेढे वाटले, आणि फ्रेम मी माझ्या कपाटावर ठेवली ती रिटायर होईपर्यंत तिथेच होती. खोटं कशाला बोलू, मला त्याचं काही विशेष वाटलं नव्हतं.

वाटलं ते तिकडे गेल्यावर. माझी लेक न्यू जर्सीत एडिसनला असते, तिथे अर्ध्या गल्लीत आपली भाषा ऐकू येते हे तुमच्या वाचकांना सांगायला नको, घरोघरी कुणी ना कुणी आहेच तिकडे. २०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं गेलो होतो आणि एका शनिवारी जावयाने प्रिन्स्टन दाखवायला नेलं. एडिसनहून ट्रेनने प्रिन्स्टन जंक्शन आणि तिथून गावात जायला एक छोटीशी गाडी आहे, तिला तिथली माणसं डिंकी म्हणतात, पाचेक मिनिटांचा प्रवास, आपल्या नेरळ-माथेरानची आठवण येते पण डोंगर नाही. मला आईन्स्टाईन राहायचे ते गाव म्हणून उत्सुकता होती. युनिव्हर्सिटीत फिरताना ईस्ट पाईन नावाची एक दगडी बिल्डिंग लागली, तिच्या कमानीतून जाताना लेक म्हणाली, बाबा, ही कमान एका शिपायाच्या नावाची आहे. मी म्हटलं थट्टा करू नको.

थट्टा नव्हती. जेम्स कॉलिन्स जॉन्सन. मेरीलँडमध्ये गुलाम म्हणून जन्माला आले, १८३९ साली तिथून पळाले आणि प्रिन्स्टनला येऊन कॉलेजात कामाला लागले, पोरांच्या खोल्या झाडायच्या, बुटांना पॉलिश करायचं, पडेल ते काम. चार वर्षांनी, १८४३ मध्ये, एका विद्यार्थ्याने त्यांना ओळखलं आणि मालकाला कळवलं. ज्या पोराची खोली झाडायची तशाच एका पोराने. खटला उभा राहिला, ज्युरीने मालकाच्या बाजूने कौल दिला, म्हणजे परत बेड्या घालून मेरीलँडला. पण गावातल्या प्रिव्होस्ट नावाच्या एका बाईंनी पाचशेच्या आसपास डॉलर भरून त्यांना सोडवलं आणि ते पैसे जॉन्सननी पुढे काम करून हप्त्याहप्त्याने फेडले. स्वतःची किंमत स्वतःच फेडली म्हणा ना. मग कॉलेजच्या आवारातच फळं, गोळ्या, शेंगदाणे, पोरांचे जुने कपडे असं विकत राहिले, मरेपर्यंत, म्हणजे १९०२ पर्यंत. ६० वर्षांहून जास्त. पोरं त्यांना चिडवायची, टोपणनावं ठेवायची आणि त्यांच्याकडूनच खाऊ घ्यायची. गेल्यावर माजी-आजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून दगड बसवला, त्यावर विद्यार्थ्यांचा मित्र असं कोरलंय, आणि त्याच कबरस्तानात पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंडही पुरले गेले.

त्यांची एक गोष्ट तिकडे सांगतात ती मला फार आवडली. म्हातारपणी कॉलेजने आवारात दुसऱ्या एका विक्रेत्याला परवानगी दिली, तो गोरा, यादवी युद्धात लढलेला. जॉन्सन कुरकुरले तर तो म्हणे, अरे तुला स्वतंत्र करायला मी लढलो. त्यावर जॉन्सन म्हणाले, मला काही सुटकेचे कागद मिळालेले नाहीत, मला कॉलेजने विकत घेतलंय, मी कॉलेजच्या मालकीचा, तेव्हा माझं पोट कॉलेजनेच भरलं पाहिजे. आमच्या युनियनचा एकही पुढारी ३४ वर्षांत इतकं नेमकं बोललेला मी ऐकला नाही.

लेकीने मोबाईलवर त्यांचा जुना फोटो काढून दाखवला. त्या काळात तिकडे पद्धतच होती म्हणे, १८६०-७० च्या सुमारास वॉरन नावाचे एक फोटोग्राफर हार्वर्ड, येलसारख्या कॉलेजांचे अल्बम करायचे आणि शेवटच्या वर्षाची पोरं त्यात प्रोफेसरांसोबत झाडूवाल्याचा, फळवाल्याचाही फोटो लावून घ्यायची. त्यात कौतुक किती आणि गंमत म्हणून ठेवलेलं किती, हा प्रश्न आहेच, मला तरी पन्नास-पन्नास वाटतं. आणि कमानीला नाव दिलं ते २०१८ मध्ये, म्हणजे माणूस जाऊन ११६ वर्षांनी, तेव्हा फार भारावून जायचं कारण नाही. पण नाव होतं हो त्यांच्याकडे. तीन शब्दांचं पूर्ण नाव, साल, गाव, सगळं. माझ्या कपाटावरच्या मामांचं काय होतं तर '३८'.

आपल्याकडे कॅमेरा उशिरा आला असंही नाही. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालची, आणि १८५५ मध्ये तर एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्गच सुरू झाला होता, त्यातून हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे फोटोग्राफर तयार झाले. पण तेव्हा गरीब माणसाचा फोटो निघाला तर तो नमुना म्हणून. इंग्रज सरकारने १८६८ ते १८७५ मध्ये द पीपल ऑफ इंडिया नावाचे आठ खंड काढले, त्यात आपल्या लोकांचे शेकडो फोटो आहेत आणि बऱ्याच ठिकाणी खाली माणसाच्या नावाऐवजी जातीचं नाव. इंग्रज गेले, पण खाली माणसाचं नाव न लिहिण्याची सवय आपण नीट सांभाळली.

परत आल्यावर तडक कॉलेजात गेलो. फ्रेम होती तिथेच, कपाट दुसऱ्याचं झालं होतं. ३८ म्हणजे काय असेल, तर माझा अंदाज नोकरीची वर्षं, कारण निवृत्तीला स्टाफने वर्गणी काढून स्टुडिओत नेऊन फोटो काढायचा हा प्रकार आमच्याकडे होता, माझ्या आधीच्या हेडक्लार्कनी सांगितलेलं आठवतं. मग पगाराची जुनी रजिस्टरं काढायला लावली. तळघरात होती. कसर लागलेली, कडा जाळीदार, पान उलटलं की हातात चुरा. रोज दुपारी दोन तास असं अकरा दिवस बसलो, तोंडाला रुमाल बांधून, आणि १९२१ साली लागून १९५९ साली सुटलेला एकच माणूस निघाला. ३८.

पण सांगायचं वेगळंच आहे. त्या रजिस्टरात पगार घेतल्याची सही किंवा अंगठा असतो. १९२१ पासून दर महिन्याला त्यांचा डाव्या हाताचा अंगठा, निळ्या शाईचा, कधी नीट कधी फिसकटलेला, बाजूला क्लार्कच्या वळणदार अक्षरात 'निशाणी डावे हाताचा अंगठा' आणि नाव. पान उलटा, अंगठा. पान उलटा, अंगठा. असं तेरा वर्षं. आणि १९३४ च्या ऑगस्टमध्ये एकदम सही. बाळबोधमध्ये. शिरोरेघ आधी मारून घेतलेली, ती लागली कमी आणि शेवटची दोन अक्षरं बाहेर लटकतायत. पुढच्या महिन्यात रेघ लांब, अक्षरं कमी पडली. डिसेंबरपर्यंत दोन्ही जुळलं. त्यानंतर परत अंगठा कुठेही नाही, एकदाही नाही, १९५९ पर्यंत. कुणी शिकवलं असेल? हॉस्टेलच्या पोरांनी, की एखाद्या प्रोफेसरांनी, की घंटा देऊन झाल्यावर वर्गाच्या दाराबाहेर उभं राहून स्वतःच? रजिस्टर ते सांगत नाही. मी ते पान कितीतरी वेळ धरून बसलो होतो, नवीन क्लार्क मुलगी येऊन विचारून गेली की सर बरं वाटत नाहीये का.

नाव मिळालं, गाव मिळालं. आमच्या एका रिटायर्ड प्रयोगशाळा परिचराच्या ओळखीने घर मिळालं, कॉलेजपासून एसटीने दीड तास. नातू आहेत, शेती करतात, साठी ओलांडलेले. फोटोची कॉपी हातात दिली तर म्हणाले आमच्याकडे आजोबांचा एकपण फोटो नाही, हे तेच आहेत कशावरून? बरोबर आहे, मी तरी कशावरून सांगणार. मग त्यांनी आत्याला बोलावलं, नव्वदीच्या आसपासच्या असतील, डोळ्याला जाड भिंगाचा चष्मा. त्यांनी फोटो उलटा धरला, सुलटा धरला, खिडकीपाशी नेला आणि चेहऱ्यावर नाही, पायावर बोट ठेवलं.

"ह्यो आबाच. पर बूट आबाचं न्हाईत."

मग हसायला लागल्या. म्हणाल्या, "फोटू निघस्तोर पाय लई चावलं म्हनायचा. घरी आल्यावर दोन दिस सांगत हुता." बूट कुणाचे होते ते त्यांना माहीत नव्हतं, एवढंच की ते परत करायला आबा लगोलग चालत गेले होते आणि मग अनवाणी घरी आले. स्टाफने फोटोची एक कॉपी घरी पाठवावी असं तेव्हा कुणाला सुचलं नसावं. आम्हाला चहा दिला, शेंगा दिल्या, आत्यांनी फोटो देवघरात नाही ठेवला, स्वतःच्या उशाला ठेवला.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही कारण नातवाला विचारलं तेव्हा ते म्हणाले घरच्यांशी बोलून कळवतो, पेपरात नाव म्हणजे काय ते बघू. अजून फोन आला नाही. येईल.

आता मुद्द्याचं. महाराष्ट्रात पन्नास, पंचाहत्तर, शंभर वर्षं झालेली कॉलेजं ढिगाने आहेत, सगळी महोत्सव करतायत, स्मरणिका काढतायत, आणि प्रत्येक कॉलेजच्या हॉलमध्ये, पॅसेजमध्ये असे ग्रुप फोटो टांगलेत ज्यात कडेला किंवा खाली जमिनीवर पट्टेवाले, हमाल, दप्तरी, माळी, लॅबमधली माणसं आहेत. त्यांना ओळखणारी माणसं आत्ता ऐंशी-नव्वदीत आहेत. त्यांना एक दिवस बोलवा, खुर्ची द्या, फोटो समोर ठेवा आणि विचारा. एवढंच काम आहे, याला युजीसीची ग्रँट लागत नाही. रजिस्टरं रद्दीला घालू नका, विशेषतः पगाराची, कारण बाकी कागदात ही माणसं सापडणार नाहीत, पगारात सापडतील.

आणि हात जोडून सांगतो, फोटोला फेव्हिकॉल लावू नका. दुसऱ्या एका कॉलेजात माझ्या डोळ्यादेखत उत्साहाच्या भरात दोन जुने फोटो प्लायवर चिकटवले, पावसाळ्यात फुगे आले, आणि ते काढायला गेले तर चेहरे निघून आले. लॅमिनेशन तर त्याहून वाईट, कायमचं बसतं. काचेला आतून चिकटला असेल तर सोलू नका, काचेसकट फोटो काढा, मोबाईलने चालतं, फ्लॅश बंद, खिडकीजवळ पण थेट उन्हात नाही, आणि मोबाईल जरा तिरपा धरून चमक कुठे येते ते बघून घ्या. ओल्या फडक्याने फोटो पुसू नका. कडेला आरशासारखी निळसर झाक आली असेल तर ती घाण नसते, फोटोतली चांदीच वर आलेली असते, घासलं की तीच जाते. मागे नाव लिहायचं तर मऊ पेन्सिलने, हलक्या हाताने, बॉलपेन पुढच्या बाजूला उमटतं. बाकी आम्ही कॉलेजला सांगून ती फ्रेम कपाटावरून काढून ऑफिसच्या आतल्या भिंतीवर लावलीय, ऊन येत नाही अशा ठिकाणी. हॉलमध्ये लावा म्हटलं होतं, त्यावर 'बघू' असं उत्तर आहे.

तुमच्याकडे एक विनंती, त्या रविवारच्या फोटोखालचं राहिलेलं नाव त्या कॉलेजकडून मागवा आणि मिळालं तर छापा, आतल्या पानावर एका ओळीत छापलं तरी चालेल. शुद्धिपत्रात तुम्ही प्राध्यापकांच्या चुकलेल्या आडनावांच्या दुरुस्त्या छापताच की. आणि 'उभे असलेले' असं छापा.

माझं नाव मात्र छापू नका. हसाल, नावावर एवढं पाल्हाळ लावून म्हातारा स्वतःचंच नाव लपवतोय, पण माझ्या पेन्शनच्या फरकाची फाईल अजून कॉलेजात टेबलावर पडून आहे आणि ती हलवणारा मला ओळखतो.

आपला,
एक रिटायर्ड हेडक्लार्क
सांगली